विश्लेषण : सिग्नलला थांबली की जुनी परदेशी मोटार का थरथरते? दोष शोधायचा कसा?

महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने सुरळीत धावणारी मोटार सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागते. रेसचा काटा खाली-वर होतो, एसी लावला की इंजिन गुदमरते, कधी चक्क बंद पडते. नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, होंडा, टोयोटा किंवा व्होल्वो बाळगणाऱ्यांच्या ही तक्रार ओळखीची असते. गॅरेजमध्ये एकामागून एक महागडे पार्ट बदलले जातात, बिल वाढत जाते आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. केंद्राने जुन्या आयात मोटारींच्या पुनर्नोंदणीचे शुल्क वाढवले आहे आणि पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. अशा वेळी हा दोष अचूक ओळखणे मालकांसाठी पूर्वीपेक्षा महत्त्वाचे ठरते. हा दोष नेमका कशामुळे होतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधावा, याविषयी…

आयडलिंग म्हणजे नेमके काय?

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन स्वतःला जिवंत ठेवते, त्या स्थितीला आयडलिंग म्हणतात. गॅरेजच्या भाषेत ‘स्लो रेस’. बहुतेक पेट्रोल मोटारींत गरम इंजिनाचे आयडलिंग मिनिटाला ६५० ते ८५० फेऱ्यांच्या दरम्यान असते. या वेळी थ्रॉटल, म्हणजे हवेचा पडदा, जवळजवळ बंद असतो. इंजिनाला लागणारी हवा त्या पडद्याला वळसा घालून एका छोट्या झडपेतून आत येते. या झडपेला ‘आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह’ म्हणतात. एसी सुरू झाला, स्टिअरिंग वळवले, हेडलाइट लावले की इंजिनावरचा भार वाढतो. तेव्हा संगणक, म्हणजे ईसीयू, ही झडप थोडी अधिक उघडतो आणि रेस स्थिर ठेवतो.

इंजिन सुरळीत चालण्यासाठी चार गोष्टी लागतात : मोजलेली हवा, त्या प्रमाणात इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले की इंजिन थरथरते.

दोष याच वेळी का उघडा पडतो?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात मिनिटाला ७५० फेऱ्या होत असतील तर सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. ३,००० फेऱ्यांना हाच आकडा १०० होतो. वेगात असताना फ्लायव्हील आणि गाडीचे वजन एखादी चुकलेली ठिणगी पचवून टाकतात. आयडलिंगला दोन ठिणग्यांमधले अंतर जास्त असते आणि इंजिनाकडे शिल्लक ताकद जवळजवळ नसते. त्यामुळे एक सिलिंडर जरी कमजोर पडला तरी स्टिअरिंगला धक्का जाणवतो.

हवेचेही तसेच आहे. इनटेकच्या रबरी नळीला एक बारीक भेग असेल तर तिच्यातून शिरणारी हवा महामार्गावर एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. आयडलिंगला मात्र एकूण हवाच इतकी कमी असते की तीच भेग मिश्रण बिघडवते. शिवाय थ्रॉटल बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात सर्वाधिक असतो आणि भेगेतून हवा जोराने ओढली जाते. म्हणूनच ‘पळताना ठीक, उभी राहिली की मिसिंग’ ही तक्रार ऐकली की अनुभवी मेकॅनिक पहिल्यांदा हवेची गळती शोधतो.

जुन्या आयात गाड्यांतच ही तक्रार अधिक का?

पहिले कारण वय. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीत निर्वाताच्या डझनभर रबरी नळ्या, सील आणि बेलोज असतात. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, तडकते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि वाहतूक कोंडीत तासन्‌तास तापणारे बोनेट यांची भर पडते.

दुसरे कारण या गाड्यांच्या पिढीचे. १९७० ते १९९०च्या दशकांत इंधन पुरवठ्याची तंत्रे झपाट्याने बदलली. बॉशची यांत्रिक के-जेट्रॉनिक पद्धत, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा साज चढवलेली केई-जेट्रॉनिक, पूर्ण इलेक्ट्रॉनिक एल-जेट्रॉनिक आणि इंधन-ठिणगी दोन्ही सांभाळणारी मोट्रॉनिक यांचे तर्कशास्त्र वेगवेगळे आहे. एका गाडीवर शिकलेली युक्ती दुसऱ्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

तिसरे कारण बाजारपेठेचे. एकाच मॉडेलच्या जपान, युरोप, आखाती देश आणि अमेरिकेसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या निघत. काहींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर होते, काहींत नव्हते. आखातातून आलेल्या गाडीला युरोपीय आवृत्तीचा सेन्सर बसवला की नवा घोळ सुरू होतो. चौथे कारण आपल्याकडचे : वर्षानुवर्षे केलेले जुगाड. पार्ट मिळाला नाही म्हणून बंद केलेली नळी, कापून जोडलेली वायर, दुसऱ्या गाडीचा बसवलेला थर्मोस्टॅट. दोष शोधताना मूळ बिघाडाइतकेच हे जुगाडही उलगडावे लागतात.

पाना हातात घेण्याआधी काय पाहावे?

‘आयडलिंग खराब’ या एका वाक्यात किमान पाच वेगवेगळे आजार दडलेले असतात. लक्षण नेमके ओळखले तर निम्मे काम होते.

रेसचा काटा स्थिर, पण गाडी थरथरते : इंजिन बहुधा निर्दोष असते. इंजिन माउंट बसलेले असण्याची शक्यता मोठी. जुन्या जर्मन गाड्यांत तेल भरलेली हायड्रॉलिक माउंट असतात. ती फुटली की निरोगी इंजिनाचे कंपनही थेट केबिनमध्ये येते.

काटा तालात खाली-वर होतो, म्हणजे ‘हंटिंग’ : बाहेरची हवा शिरते आहे आणि ईसीयू तिच्याशी झुंजतो आहे.

रेस कायम जास्त : झडप उघडी अडकली आहे, थ्रॉटल केबल ताणलेली आहे किंवा इनटेकमध्ये गळती आहे.

फक्त थंड असताना त्रास : तापमान सेन्सर किंवा थंड इंजिनाला जादा हवा देणारी यंत्रणा.

फक्त गरम झाल्यावर त्रास : लॅम्डा सेन्सर, गळका इंजेक्टर किंवा तापल्यावर दगा देणारी कॉइल.

एक नियमित ‘टक्-टक्’ झटका : एखादा सिलिंडर काम करत नाही.

यासोबत बॅटरी आणि अल्टरनेटरही आधीच तपासावेत. इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर झडप, इंजेक्टर आणि ईसीयू सगळेच चुकीचे वागतात. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तरी हेच होते. दोन मिनिटांची ही तपासणी अनेकदा कोणी करतच नाही.

पीयूसीची चिठ्ठी दोष सांगू शकते का?

हो, आणि ती जवळजवळ फुकटात मिळते. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी आयडलिंगलाच होते. नळकांड्यातून निघणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, टक्क्यांत आणि न जळलेले हायड्रोकार्बन, म्हणजे एचसी, ‘भाग प्रति दशलक्ष’ अर्थात पीपीएममध्ये मोजले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार भारत स्टेज-२पूर्वीच्या चारचाकींसाठी सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. भारत स्टेज-२ आणि ३ गाड्यांना ती ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. वैध पीयूसी नसेल तर १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बहुतेक मालक चिठ्ठीवर ‘पास’ एवढेच पाहतात. खरी माहिती दोन आकड्यांच्या जोडीत असते. सीओ खूप जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जादा आहे. अशा वेळी तापमान सेन्सर, गळका इंजेक्टर किंवा फाटलेला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर संशयित ठरतो. सीओ कमी पण एचसी खूप जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. म्हणजे ठिणगी चुकते आहे किंवा हवेच्या गळतीमुळे मिश्रण इतके पातळ झाले आहे की ते पेटतच नाही. दोन्ही आकडे जास्त असतील तर जादा पेट्रोलमुळे प्लग काळे पडून ठिणगी मार खात असावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालू स्थितीत असेल तर तो हे आकडे बराच काळ झाकून ठेवतो, हे मात्र लक्षात ठेवावे. गेल्या दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या तर बिघाड अचानक झाला की हळूहळू वाढला, हेही कळते.

स्कॅनर लावला तरी दोष का सापडत नाही?

आजच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की दोषांचे कोड मिळतात. ही ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून, तर युरोपात नव्या पेट्रोल मोटारींना २००१पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र कारभार होता. बीएमडब्ल्यूत बोनेटखाली २० पिनचे गोल सॉकेट असे, नंतरच्या मर्सिडीजमध्ये ३८ पिनचे. जुन्या होंडात सर्व्हिस कनेक्टरची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडली की ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे कोड १४, अर्थात आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. टोयोटात डायग्नोस्टिक डबीतील ‘टीई-१’ आणि ‘ई-१’ ही टोके जोडून असेच कोड वाचतात. स्कॅनर नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही, मात्र त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवे. चुकीची टोके जोडली तर ईसीयू जळू शकतो.

कोड मिळाला तरी तो निकाल नसतो. ‘मिश्रण पातळ’ असा कोड आला की अनेक ठिकाणी लॅम्डा सेन्सर बदलला जातो. सेन्सरने मात्र फक्त तक्रार नोंदवलेली असते. तक्रारदारालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार आहे. नव्वदच्या अखेरीच्या ओबीडी-२ गाड्यांत ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे अधिक उपयोगी ठरतात. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जादा किंवा कमी पेट्रोल देतो आहे, ते त्यातून दिसते. आयडलिंगला हा आकडा अधिक २० टक्के आणि २,५०० फेऱ्यांना जवळजवळ शून्य असेल तर इनटेकमध्ये गळती आहे. उलट भार वाढेल तसा आकडा वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर कमजोर आहे.

हवेची गळती कशी शोधतात?

येथे इंजिनाची जात माहीत असणे आवश्यक आहे. बॉशच्या बहुतेक पद्धतींत आत येणारी हवा थेट मोजली जाते, कधी पत्र्याच्या पडद्याने, कधी तापलेल्या तारेने. मोजणीनंतरच्या भेगेतून शिरलेली हवा ईसीयूच्या हिशोबात येत नाही, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. जुन्या होंडासारख्या गाड्यांत हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे गळती झाली की दाब बदलतो, ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि परिणामी रेस वाढते. म्हणजे एकच भेग एका गाडीत इंजिन गुदमरवते आणि दुसऱ्या गाडीत पळवते.

पहिली चाचणी हाताने करता येते. हवा थेट मोजणाऱ्या बहुतेक इंजिनांत चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडले की आयडलिंग बिघडायला हवे. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच कुठून तरी शिरते आहे, असा संशय घ्यावा. दुसरी चाचणी निर्वात मोजणाऱ्या गेजची. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच इतका स्थिर निर्वात दाखवते. दर हजार फुटांना हा आकडा सुमारे एक इंचाने घटतो. त्यामुळे मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, १७च्या आसपास दाखवेल आणि महाबळेश्वरला १५च्या खालीही जाईल. तो दोष नव्हे. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्हचा दोष, असे त्याचे वाचन होते.

सर्वात खात्रीची चाचणी धुराची. इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला की तो भेगेतून बाहेर येतो आणि जागा डोळ्यांना दिसते. अनेक ठिकाणी चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून रेस बदलते का ते पाहतात. हा द्रव ज्वालाग्राही असतो. तापलेला एक्झॉस्ट आणि जुनी प्लग वायर शेजारी असताना त्याने आग लागू शकते.

गळतीची नेहमीची ठिकाणे ठरलेली आहेत : हवामापक आणि थ्रॉटल यांमधील रबरी बेलोज, इंजेक्टरची सील, क्रँककेसमधील वाफ परत आणणाऱ्या नळ्या आणि व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचे गॅसकेट आणि ब्रेक बूस्टरची नळी. शेवटचे ठिकाण केवळ आयडलिंगचा प्रश्न नाही. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते जात नसेल किंवा ब्रेक दाबताच आयडलिंग बदलत असेल तर बूस्टर आधी दुरुस्त करावा, आयडलिंग नंतर.

आयडल व्हॉल्व्ह साफ केला की काम होते का?

अनेकदा होते. थ्रॉटल आणि आयडल व्हॉल्व्हवर तेलकट काजळी साचते, झडप जड चालते. व्हॉल्व्ह काढून थ्रॉटल बॉडी क्लीनरने धुतला की इंजिन शांत होते. मात्र काजळी का साचली, हा प्रश्न उरतोच. क्रँककेसची वाफ जादा तेल आणत असेल तर काही महिन्यांत तीच स्थिती येते.

होंडाच्या काही जुन्या इंजिनांत वेगळीच गंमत असते. थंड इंजिनाला जादा हवा देणारी थर्मो व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेने बंद होते. रेडिएटरमध्ये कूलंट कमी असेल किंवा हवेचा बुडबुडा अडकला असेल तर व्हॉल्व्हपर्यंत उष्णता पोहोचत नाही आणि ती उघडीच राहते. रेस चढते. थ्रॉटल बंद असूनही रेस जास्त आहे, म्हणजे गाडी उतारावर असावी, असे समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होते, रेस पुन्हा चढते. हे चक्र म्हणजेच हंटिंग. उपाय कोणता, तर कूलंट भरून हवा काढणे. इथे सेन्सर बदलून काहीही साधत नाही.

कूलंटचा तापमान सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सियसला सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास असतो. गरम इंजिनातही तो हजारांत दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन कायम थंड वाटते आणि तो पेट्रोल ओतत राहतो.

ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन कधी तपासावे?

हवेचा मार्ग निर्दोष ठरल्यावर. प्लगचा रंग पहिला साक्षीदार असतो. काळी काजळी म्हणजे जादा पेट्रोल, ओला प्लग म्हणजे न पेटलेले मिश्रण, एकच प्लग वेगळ्या रंगाचा म्हणजे त्याच सिलिंडरचा दोष. रात्री अंधारात बोनेट उघडून पाहिले तर जुन्या प्लग वायरमधून निसटणाऱ्या ठिणग्या कधी कधी डोळ्यांना दिसतात. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्या पावसाळ्यातच मिसिंग करत असतील तर कॅपला पडलेली केसाएवढी चीर तपासावी.

दोषी सिलिंडर शोधण्यासाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढतात. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की रेस पडते. जिथे काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला असतो. चालू इंजिनाची प्लग वायर उपटण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात विजेचा झटका बसू शकतो, इग्निशन मॉड्यूल जळू शकते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

त्यानंतर इंधनाचा दाब. नव्वदच्या दशकातील बहुतेक इलेक्ट्रॉनिक पद्धतींत तो अडीच ते साडेतीन बार असतो, तर केई-जेट्रॉनिकमध्ये पाच बारहून अधिक. रेग्युलेटरची निर्वाताची नळी काढून तिच्यात पेट्रोल आढळले तर आतला पडदा फाटला आहे. शेवटी कॉम्प्रेशन. सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एखादा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर दोष व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅसकेटमध्ये आहे. तिथे कोणताही सेन्सर बदलून उपयोग नाही.

मर्सिडीज डब्ल्यू १२४ काय शिकवते?

१९८४च्या अखेरीस आलेली डब्ल्यू १२४ ही या विषयाची पाठ्यपुस्तकी गाडी. भारतात मर्सिडीजने १९९५मध्ये पुण्यात जुळणी सुरू केली ती याच मालिकेपासून. त्याआधी आणि नंतरही ती आयात होऊन येत राहिली. तिच्या केई-जेट्रॉनिक इंजिनांत आयडलिंग बिघडले आणि सोबत डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला, तर जाणकार इंजिनाकडे जातच नाहीत. ते बॅटरीमागचा ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन रिले काढतात. हा एकच रिले एबीएस आणि इंधनाच्या कंट्रोल युनिटला वीज देतो. त्याचे आतले डाग, म्हणजे सोल्डर, तडकले की दोन्ही यंत्रणा एकदम कोलमडतात. कधी वरचा फ्यूज उडालेला असतो, कधी पुन्हा डाग दिला की गाडी ठीक होते.

नव्वदच्या पूर्वार्धातील एम १०४ आणि एम १११ इंजिनांची कथा वेगळी. त्या काळात वापरलेल्या इंजिन वायरिंगचे आवरण उष्णतेने कडक होऊन चुरा होऊन गळते. उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि ईसीयूला खोटे संकेत मिळतात. अशा गाडीत सेन्सरमागून सेन्सर बदलले तरी दोष फिरत राहतो. वायरिंग हार्नेस एकदा वाकवून पाहिला तर आवरण तुटते आणि उत्तर मिळते. धडा एवढाच : मॉडेलचा ठरलेला आजार आधी माहीत करून घ्यावा.

ई२० पेट्रोलमुळे त्रास वाढतो का?

देशाने २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५मध्ये, मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलला लागणारे १४.७ हे हवेचे प्रमाण ई२०साठी सुमारे १३.५पर्यंत उतरते. लॅम्डा सेन्सर चालू असलेली गाडी हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. सेन्सर नसलेली, काढून टाकलेली किंवा मृत सेन्सरवर चालणारी गाडी तसे करू शकत नाही. तिचे मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास पातळ होते आणि त्याचा पहिला परिणाम थंड इंजिनाच्या आयडलिंगवर दिसतो. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई२०वर सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात आहे.

दुसरा मुद्दा रबराचा. तीस वर्षांपूर्वीच्या काही नळ्या आणि सील इथेनॉलला टिकत नाहीत. इथेनॉल पाणी शोषते आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. त्यामुळे अशा गाड्यांच्या इंधनाच्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या दर्जाच्या बसवाव्यात आणि टाकी फार काळ अर्धी भरून ठेवू नये. मात्र प्रत्येक थरथरीचे खापर ई२०वर फोडणेही चुकीचे आहे. आधीच असलेली गळती ई२० फक्त लवकर उघडी पाडते.

‘रेस वाढवून देतो’ हा उपाय धोक्याचा का?

दोष सापडला नाही की थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून रेस वाढवली जाते. गाडी बंद पडायची थांबते आणि मालक खूश होतो. परंतु तो स्क्रू कारखान्यात जुळवलेला असतो. तो फिरवला की थ्रॉटल बंद असल्याचा संकेत ईसीयूला मिळत नाही आणि आयडल नियंत्रणच बंद पडू शकते. ऑटोमॅटिक गाडीत धोका आणखी मोठा. रेस जास्त असताना ‘डी’ टाकला की गिअरबॉक्सला धक्का बसतो, गाडी आपोआप पुढे रेटते आणि सिग्नलला ब्रेकवर जोर देऊन उभे राहावे लागते. पार्किंगमध्ये हेच अपघाताचे कारण ठरते. चाचणी कुठलीही असो, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

दुरुस्तीनंतर बॅटरी काही काळ काढून ठेवली की अनेक ईसीयू जुने शिकलेले विसरतात आणि काही किलोमीटर चालल्यावर नव्याने जुळवून घेतात. मात्र त्याआधी म्युझिक सिस्टीमचा सुरक्षा कोड हाताशी आहे ना, हे पाहावे. अनेक परदेशी गाड्यांत कोडशिवाय रेडिओ पुन्हा सुरू होत नाही.

हा खटाटोप करण्याजोगा आहे का?

खर्चाचे गणित आता कडक झाले आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. आयात चारचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२पासून १५ हजारांवरून ४० हजार रुपये झाले. २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीसाठी ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने ते ८० हजारांवर नेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. नोंदणी हवी तर फिटनेस हवा आणि थरथरणारी, पीयूसीत नापास होणारी गाडी तिथेच अडते. ५० वर्षे पूर्ण झालेल्या मूळ स्थितीतील गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेजची स्वतंत्र नोंदणी आहे. नव्वदच्या दशकातील गाड्यांना त्यासाठी अजून बरीच वर्षे थांबावे लागेल.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी लक्षण लिहून काढावे : थंड की गरम, एसीसह की एसीविना, उभी असताना की ‘डी’मध्ये. मग बॅटरी आणि अर्थिंग, मग पीयूसीचे दोन आकडे, मग गळती, मग झडप आणि सेन्सर, मग ठिणगी, इंधनाचा दाब आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्यावा. तो अनेकदा चांगलाच असतो. कोणत्याही महागड्या पार्टला होकार देण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : हा पार्ट खराब आहे, हे कोणत्या चाचणीत दिसले? आकड्यात उत्तर मिळाले तर काम सुरू करावे. ‘बदलून बघू’ असे उत्तर आले, तर गाडी बाहेर काढून दुसऱ्या गॅरेजकडे वळवलेली बरी.